धनपालशेठ गेले कुठं?

१

अशी कल्पना करा, की तुम्ही एका बंद दारासमोर उभे आहात. दाराआड एक प्रेत आहे. घाबरू नका, ते खोटं आहे. जुन्या सदऱ्या-धोतरात चिंध्या कोंबल्या आहेत, डोक्याच्या जागी उशी आहे आणि उशीवर कोळशानं झुपकेदार मिशा काढल्या आहेत. नाव धनपालशेठ, धंदा तंबाखूचा. त्यांचा खून झालाय आणि खुनी शोधायचं काम तुमच्याकडं आलंय. डोक्यावर काकाची हॅट, हातात भिंग, पाठीमागं श्वास रोखून उभी राहिलेली दोस्तमंडळी. आता दार ढकला.

काय दिसलं?

त्रिशलाला विचाराल, तर काहीच नाही.

म्हणजे खोली होती. मागच्या पडवीकडं उघडणारी बिनगजांची खिडकी होती. पुठ्ठ्याचा सुरा जमिनीवर पडला होता. त्याच्याशेजारी रुपयाएवढा लाल थेंब होता, गोल गरगरीत, जरासुद्धा न फिसकटलेला. थेंबाच्या काठाशी दोन-तीन मुंग्या घुटमळत होत्या. पण धनपालशेठ? त्यांचा पत्ताच नव्हता.

"अय्यो! मढं उठून गेलं की!" निशा किंचाळली.

त्रिशलानं मागं वळून पाहिलं. "काका, हे खेळात हाय?"

श्रेयांसकाका दारातून आत डोकावला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"न्हाय गं," तो म्हणाला. "मी तर मघाशीच त्याला इथं झोपवून गेलतो."

२

खेळ काकाचाच होता. तो मच्छे गावातल्या कारखान्यात नोकरीला होता आणि सुट्टीला निपाणीला घरी यायचा तो काहीतरी नवीन डोक्यात घेऊनच. या खेपेला त्यानं खुनाचा खेळ आणला. प्रत्येकाला एक सोंग मिळणार. सौरव शेठजींचा दिवाणजी, निशा सून, माधवी डॉक्टरीणबाई, त्रिशलाचा धाकटा भाऊ वृषभ बागेचा माळी आणि त्रिशला डिटेक्टिव्ह. यातला खुनी कोण, ते फक्त काकाला आणि खुन्याला ठाऊक.

त्रिशलाला खेळाची हौस होतीच, पण तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे माधवी. माधवीची आई नर्स होती आणि तिची बदली झाल्यामुळं माधवी लोंढ्याहून जूनमध्ये त्रिशला, निशा आणि सौरवच्या वर्गात आली होती. अजून डबा खायला ती एकटीच बसायची. निशा वाईट नव्हती, सौरवही नव्हता; पण जुन्या दोस्तांच्या घोळक्यात नवीन माणसाला जागा करायचं कुणाला सुचत नाही. एक दुपार सगळे एकत्र खेळले, की सोमवारी माधवीला कुणीतरी हाक मारेल, असं त्रिशलाला वाटत होतं. त्या एका हाकेसाठी तिनं हा सगळा घाट घातला होता.

अडचण आली ती आज्जांची. बाबगोंडा आज्जा म्हणजे मुंगीला वाट देऊन चालणारा माणूस. रोज सकाळी आंघोळ झाली, की परसातल्या भिंतीकडं जाऊन ते चिमूटभर काहीतरी टाकून यायचे आणि मगच चहाला बसायचे. खुनाचा खेळ म्हटल्यावर ते झोपाळ्यावरच थांबले.

"घरात खून करणार तुम्ही?"

"खोटा हो आज्जा!" त्रिशला म्हणाली. "चिंध्यांचा माणूस हाय."

"चिंध्यांचा असू दे. मारायचं, हे मनात आणावं लागतंयच की न्हाय?" आज्जांनी जरा विचार केला. "बरं, खेळा. पण एक शब्द दे मला. खेळापायी या घरात एकाबी जित्या जिवाला धक्का लागायचा न्हाय."

"दिला शब्द!"

माधवी तेव्हा शेजारीच उभी होती. ती तयारीला म्हणून सगळ्यांच्या आधी आली होती आणि रक्तासाठी घरून बीट घेऊन आली होती. त्रिशलाच्या आईनं, चंदनाबाईंनी, बीट बघून तिच्या पाठीवर हात ठेवला. "जमिनीखालचं आमच्यात चालत न्हाय गं पोरी. राग मानू नको." माधवी एवढीशी झाली. तेव्हा त्रिशलालाच युक्ती सुचली. तिनं फडताळातली काकवीची बाटली काढली, त्यात कुंकू कालवलं आणि उसाच्या त्या दाट, गोड पाकाचं असं झकास रक्त झालं, की वृषभनं लगेच बोट बुडवून चाटलं.

आणि दुपारचं जेवण झाल्यावर आज्जांनी मौन धरलं. दर चतुर्दशीला ते धरायचे. संध्याकाळी बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, घंटा वाजली, की सुटायचं. तोवर आभाळ कोसळलं तरी आज्जा बोलायचे नाहीत.

३

"मी सांगू कुणी नेलं?" सौरवनं कमरेवर हात ठेवले. "आपण सगळे पुढच्या खोलीत सोंगांच्या चिठ्ठ्या वाचत बसलोतो. मधीच उठून मागं कोण गेलतं? माधवी!"

"पाणी प्यायला गेलते," माधवी हळूच म्हणाली.

"आणि फ्रॉकवर पांढरं काय हाय? पाण्यात पीठ असतंय व्हय?"

सगळ्यांनी पाहिलं. माधवीच्या निळ्या फ्रॉकवर खरोखरच पांढरी बोटं उमटली होती. तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"बघा, बघा, हात लपवतीया!" सौरव म्हणाला. "लोंढ्याच्या गाडीत बसवून दिलंस काय शेठला?"

निशा फिदकन हसली. वृषभही हसला, त्याला विनोद कळला नव्हता तरी.

इथं त्रिशलानं काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. तिलाही नंतर कळलं. पण डोक्यावर हॅट असली आणि सगळे आपल्याकडं बघत असले, की माणूस भलतंच बोलून जातो. तिनं भिंग पुढं केलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "माधवी, हात दाखव."

माधवीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत एकटी डबा खाताना ती जशी खिडकीबाहेर बघायची, तसं. तिनं हात दाखवले नाहीत.

"मी जाते घरी," ती म्हणाली.

माधवी अशी गेली, तर सोमवारी तिला हाक कोण मारणार? उलट मंगळवारपर्यंत सगळ्या वर्गाला कळेल, की लोंढ्याची नवीन पोरगी त्रिशलाच्या घरात चोरी करून पळाली.

"जाऊ नको," ती घाईघाईनं म्हणाली. "जेवण होईपर्यंत तरी थांब. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत पंगत बसते. त्याच्या आत मी शोधते. न्हाय सापडलं तर मग जा."

माधवी दारापर्यंत गेली. पण पुढच्या खोलीत दाराशेजारच्या खुर्चीवर टेकली. हात मांडीखाली घेऊन.

उन्हं भिंतीवरून वर सरकायला लागली होती. स्वयंपाकघरातून केळ्याच्या भज्यांचा वास यायला लागला होता. वेळ फार नव्हता.

४

त्रिशलानं एकेकाला बाजूला घेतलं. आधी वृषभला, कारण घरात काहीही हरवलं, की ते बहुतेक त्याच्याकडंच सापडायचं.

"मी न्हाय! आईशप्पथ न्हाय!" वृषभच्या दोन्ही मुठी चिरमुऱ्यांनी भरल्या होत्या. "मी ह्यात गुतलोतो."

"काही ऐकलंस?"

"काय बी न्हाय."

निशानं मात्र एक गोष्ट सांगितली. तिची खुर्ची त्या बंद दाराला अगदी लागून होती. "मला ओढल्याचा आवाज यायला पाहिजे होता गं. धोतर फरशीवरनं घसटलं तर येतोच की. पण न्हाय आला."

त्रिशला पुन्हा खोलीत गेली आणि त्या लाल थेंबापाशी उकिडवी बसली. गोल, गरगरीत, न फिसकटलेला. निशा खरं बोलत होती. शेठजींना कुणी ओढत नेलं नव्हतं. अलगद उचलून नेलं होतं, निजलेल्या बाळाला न्यावं तसं. आता मला सांगा, चिंध्यांचा बाहुला चोरणारा चोर एवढी काळजी कशाला घेईल?

"आज्जांनीच लपवला असणार," सौरव मागून म्हणाला. "त्यांना हा खेळच नको होता."

"तू तर माधवी म्हणत होतास."

"मग दोघांनी मिळून!"

आज्जा मागच्या पडवीत असायचे. जायच्या वाटेवरचं दार उघडं होतं, पण उंबऱ्यावर एक काठी आडवी ठेवली होती. आज्जांची काठी! गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्यांच्या हातातून सुटत नसे. देवापुढं बसले तरी मांडीला लागून असायची. ती आज उंबऱ्यावर?

सौरवनं काठीवरून उडी मारायला पाय उचलला, तोच पडवीतून आज्जांचा तळवा वर झाला. थांब! सौरवचा पाय तसाच हवेत राहिला आणि तो गुपचूप मागं सरला.

"आज्जा," त्रिशलानं उंबऱ्याअलीकडूनच विचारलं, "धनपालशेठला तुम्ही नेलंत?"

आज्जांनी नुसतं पाहिलं.

"माधवीनं नेलं?"

आज्जांनी डोळे मिटले. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं, पण मौन म्हणजे मौन. मानसुद्धा हलली नाही. सगळं पाहिलेला एकच साक्षीदार आणि नेमका तोच मुका!

"संपलं!" सौरव म्हणाला. "घंटा वाजेपर्यंत ह्यांचं तोंड उघडायचं न्हाय."

पण त्रिशला हलली नाही. तिला काहीतरी खटकत होतं. आज्जा रोजच्याच झोपाळ्यावर बसले होते, रोजच्याच जागी. मागं लाल कोब्याची पडवी होती, त्यापलीकडं परस. मग चुकल्यासारखं काय वाटत होतं?

तिला नेहमीचा आवाज ऐकू येत नव्हता. कर्र, कर्र! आज्जा झोपाळ्यावर बसले, की पायाच्या अंगठ्यानं हळूहळू झोका घ्यायचे आणि त्या कड्या दिवसभर कर्रकर्र करायच्या. आज झोपाळा गप्प होता. गप्प असणारच, कारण आज्जांचा अंगठा जमिनीला टेकलाच नव्हता. दुखरे गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही पाय वर करून आज्जा बसले होते.

५

त्रिशलानं हॅट काढून बाजूला ठेवली. हॅटखाली डोकं गरम होत होतं आणि आता तिला नीट विचार करायचा होता.

तुम्हीही तिच्याबरोबर जरा बसा. सगळं तुमच्यासमोर आहे. एक थेंब, जो फिसकटला नाही. उंबऱ्यावर आडवी काठी, जी दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसानं हातातून सोडली. झोपाळा, जो हलत नाही. फ्रॉकवरचं पीठ. पाठीमागं लपवलेले हात. आणि बाटलीत कुंकू कालवणारी त्रिशला, तिला विसरू नका.

त्रिशला स्वयंपाकघरात गेली. आई भजी तळत होती.

"आई, माधवी तुझ्याकडं आलती?"

"आलती की. मूठभर कणीक आणि चिमूटभर साखर पाहिजे म्हणाली. मला वाटलं, तुमच्या खेळातलंच काहीतरी. मी दिली." आईनं झारा निथळवला. "काय गुणी पोरगी हाय गं! आज्जा सकाळी परसात काय टाकत असतात म्हणून आल्या आल्या मला विचारत होती. आता सगळ्यांना हाक मार, दिवस मावळाय आला."

कणीक आणि साखर!

त्रिशलानं एवढंच ऐकलं आणि ती पुढच्या दारानं बाहेर पडली. चपला घातल्या नाहीत. घराच्या कडेच्या बोळातून ती परसात निघाली, आणि बोळ संपता संपता तिची पावलं आपोआप हळू झाली. ती वाकली. भिंग डोळ्याला लावलं. उभ्यानं नुसता लाल कोबाच दिसत होता. आता तो कोबा चालायला लागला.

मुंग्या! लाल मुंग्यांची ही अशी बोटभर रुंद रांग. खोलीच्या खिडकीतून उतरून, झोपाळ्याच्या खालून, अख्खी पडवी ओलांडून ती परसात गेली होती. आणि परसात, जिथं आज्जा रोज चिमूट टाकायचे त्याच भिंतीशी, जास्वंदीच्या सावलीत धनपालशेठ शांत पडले होते. त्यांच्या छातीवरचं काकवीचं रक्त मुंग्यांनी गजबजलं होतं. भोवती कणीक-साखरेच्या लहान लहान चिमटी ठेवल्या होत्या, नैवेद्य ठेवावा तशा, आणि मुंग्या शेठजींना सोडून एकेक करून तिकडं वळत होत्या.

त्रिशला तिथंच उकिडवी बसून राहिली. रक्त तिनं केलं होतं. आज्जांना शब्द तिनं दिला होता. आणि खेळ ठरल्याप्रमाणं झाला असता, तर पाच जणांनी नाचत, ओरडत त्या खोलीत दहा पाय घातले असते.

६

"सापडला?" ती आत येताच निशानं विचारलं.

"सापडला. पण सांगायच्या आधी सगळ्यांनी पाय वर घ्या."

"आँ?"

"घ्या वर. आज्जांसारखे."

सगळे सोफ्यावर मांडी घालून बसले. वृषभला तर ते फारच आवडलं. श्रेयांसकाका दाराला टेकून उभा होता, त्यानंही गमतीनं एक पाय उचलला. माधवी तेवढी आपल्या खुर्चीवर तशीच होती.

"कुणी सांगा," त्रिशला म्हणाली, "गुडघे दुखणारा म्हातारा माणूस तासभर पाय वर घेऊन कशाला बसेल?"

"खाली पाणी सांडलं असेल," निशा म्हणाली.

"आणि काठी आडवी?"

"कुणी येऊ नये म्हणून." सौरव विचार करत होता. त्याची थट्टा कुठल्या कुठं पळाली होती. "जमिनीवर असं काहीतरी हाय, ज्याच्यावर पाय पडाय नको. पाणी न्हाय. पाणी असतं तर पुसून काढलं असतं." मग त्यानं एकदम वर पाहिलं. "काकवी! गोड हाय ती! मुंग्या लागल्या!"

"तासाभरात एवढ्या?" काकानं विचारलं.

"खिडकी उघडी होती," त्रिशला म्हणाली. "माधवी पाणी प्यायला गेली तेव्हा पडवीत तिनं रांग बघितली. मला आज्जांना दिलेला शब्द आठवला न्हाय, तिला आठवला. खिडकीतून आत जाऊन तिनं शेठजींना अलगद उचललं, ओढलं न्हाय, कारण ओढलं तर मुंग्या चिरडल्या असत्या. परसात नेऊन ठेवलं. आईकडनं कणीक-साखर घेतली. आणि आज्जांनी तिच्यामागं उंबऱ्यावर काठी टाकली."

भिंतीवरचं ऊन आता पार छताला टेकलं होतं.

"पण मग सांगितलं का न्हाईस?" सौरवनं माधवीला विचारलं. आवाज जरा बसला होता. "मी एवढं बोलायलोतो तरी?"

माधवी मांडीकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

काय केलं असतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. धावत सुटले असते सगळे, शेठजींना बघायला. पडवीतून.

"तुझं सोंग तर लईच भारी निघालं," काका तिला म्हणाला. "चिठ्ठीत खुनी तूच होतीस. आणि अख्ख्या घरात कुणी जीव वाचवला असेल, तर तूच!"

निशा हसली, पण या खेपेचं हसू वेगळं होतं. ती सोफ्यावर सरकली आणि शेजारी हात आपटला. "ये की इकडं. डॉक्टरीणबाई एकट्या काय बसलाय?"

पंगत बसली. पिंजारलेल्या केसांच्या वृषभनं सगळ्यांत जास्त भजी खाल्ली. माधवी निशा आणि सौरवच्या मधे बसली होती, डाव्या हातानं फ्रॉक सावरत, आणि सौरव तिला विचारत होता, की लोंढ्याला गाड्या रात्रीच्या किती वाजेपर्यंत ऐकू येतात. तिनं त्याला बराच वेळ सांगितलं.

ताटं उचलता उचलता बस्तीतली घंटा वाजली. आज्जांनी डोळे उघडले. सगळी मुलं उंबऱ्याशी, काठीच्या अलीकडं, गर्दी करून उभी राहिली. आता आज्जा काय बोलणार? त्रिशलाला वाटलं, आपल्याला रागावणार. शब्दाची आठवण करून देणार.

आज्जांनी त्रिशलाकडं पाहिलंच नाही. त्यांनी माधवीकडं पाहिलं.

"लई चावल्या काय गं?"

माधवीचा चेहरा बदलला. इतका वेळ कुणीही काहीही बोललं तरी तिचे डोळे कोरडे होते. आता ते भरून आले. तिनं नुसती मान हलवली.

मग त्रिशलानं काय केलं? ती स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत खोबरेल तेल घेऊन आली. माधवीच्या समोर आल्यावर आधी वाकून जमीन नीट बघितली, मगच खाली बसली. आणि कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "माधवी, हात दाखव."

माधवीनं दोन्ही हात पुढं केले. मनगटांपर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या. त्रिशलानं बोट तेलात बुडवलं आणि एकेका गांधीवर, जिथं जिथं मुंगी चावली होती तिथं तिथं, हलकेच लावायला सुरुवात केली.